हिवाळाभर उभी राहणारी मोटारसायकल आणि तिचे इंजिन

ऑक्टोबर सुरू झाला की कॅनडा, जर्मनी आणि अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा येतो. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ पडू लागण्याआधी मोटारसायकल गॅरेजात लावायची आणि एप्रिलमध्ये बाहेर काढायची, तर मधल्या पाच-सहा महिन्यांत तिच्या इंजिनाची काळजी कशी घ्यावी, असा हा प्रश्न आहे. महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या माणसाला तो नवा वाटणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे गाडी बाराही महिने चालते आणि चालत्या गाडीच्या इंजिनाला गंज चढत नाही. या अंकात सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि वाचकांच्या नावाऐवजी फक्त गावाचा उल्लेख केला आहे.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडा) : माझ्याकडे ६५० सीसीची, दोन सिलिंडरची, रेडिएटर आणि फ्युएल इंजेक्शन असलेली मोटारसायकल आहे. नोव्हेंबर ते एप्रिल ती घराला जोडून असलेल्या, पण न तापवलेल्या गॅरेजात उभी असते. पुण्याहून बाबा फोनवर सांगतात, की दर रविवारी दहा मिनिटे इंजिन सुरू करून ठेवत जा. इथले शेजारी म्हणतात, की वसंत येईपर्यंत तिला हातसुद्धा लावू नका. कोणाचे ऐकावे?

उत्तर : या बाबतीत शेजाऱ्यांचे ऐकावे, आणि त्याचे कारण बाबांनाही समजावून सांगावे, कारण त्यांचा सल्ला पुण्याच्या हवेत मुळीच चुकीचा नाही. पुण्यात रविवारी गाडी बाहेर काढली की माणूस बहुधा सिंहगड रस्त्याला किंवा निदान मंडईपर्यंत एक फेरी मारून येतो. हवा उबदार असल्याने इंजिन लवकर तापते आणि ऑइलही तापते. आपल्या गॅरेजात जानेवारीत तापमान शून्याखाली दहा अंशांवर असताना, उभ्या गाडीचे इंजिन दहा मिनिटे नुसते चालू ठेवल्याने सिलिंडरचे डोके गरम होईल, पण खालच्या केसमधले ऑइल कोमटच राहील, आणि सगळे नुकसान या कोमटपणातून होते.

पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनपासून पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले तर वाफेच्या रूपाने जवळजवळ एक लिटर पाणी निर्माण होते, असा साधा हिशेब आहे. यातले बरेचसे सायलेन्सरमधून बाहेर जाते, परंतु पिस्टनच्या रिंगांना चुकवून काही वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या केसमध्ये, उतरतातच. इंजिन पूर्ण तापलेले असले, म्हणजे ऑइल शंभर अंशांच्या जवळपास पोहोचले, तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन केसच्या श्वासनळीवाटे (ब्रीदर) निघून जाते. इंजिन थंड असले तर ते केसच्या भिंतींवर जमते, ऑइलमध्ये मिसळते आणि त्याचा दुधाळ, चहाच्या रंगाचा फेस तयार होतो. सायलेन्सरमध्येही तेच पाणी साचून राहते आणि तो आतून कुजू लागतो. म्हणजे दर रविवारी दहा मिनिटे इंजिन चालवणारा माणूस प्रत्यक्षात दर रविवारी त्यात थोडे पाणी घालत असतो.

बॅटरीसाठी म्हणून इंजिन सुरू करण्याचाही उपयोग नाही. थंडीत इंजिन फिरवायला बॅटरीतून जी वीज खर्च होते, ती मंद गतीच्या दहा मिनिटांत बहुतेक गाड्यांत भरून निघत नाही. त्यापेक्षा बॅटरी काढून घरात ठेवावी किंवा तिला आपोआप चालू-बंद होणारा चार्जर लावून ठेवावा. बॅटरी लिथियमची असेल, तर शून्याखालच्या तापमानात तिला चार्जिंग करू नये; आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

याहून गंभीर गोष्ट अशी, की आपले गॅरेज घराला जोडून आहे. चालू इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. दार उघडे ठेवले तरी तो घरात शिरू शकतो आणि त्याने जीव जातो. केवळ या एका कारणासाठीही बंद किंवा अर्धवट उघड्या गॅरेजात इंजिन सुरू करू नये, असेच मी सांगेन.

मात्र ‘हात लावू नका’ हा सल्ला तेव्हाच खरा, जेव्हा गाडी लावण्याआधी करायची कामे नीट केलेली असतात. इंजिनाचे नुकसान थंडीने फारसे होत नाही. ते होते जुन्या ऑइलने, शिळ्या पेट्रोलने आणि आतल्या ओलाव्याने. या तिन्हींचा बंदोबस्त शेवटच्या फेरीच्या दिवशीच करावा लागतो. पुढच्या उत्तरांत त्याचा तपशील आला आहे.

प्रश्न (मिनियापोलिस, अमेरिका) : शेवटचे ऑइल बदलून जेमतेम दीड हजार मैल झाले आहेत. ऑइल स्वच्छ दिसते. ते आत्ता बदलावे की एप्रिलमध्ये? दोन्ही वेळा बदलण्याचा खर्च मला अनावश्यक वाटतो. शिवाय गाड्यांच्या दुकानात मोटारीचे चांगले सिंथेटिक ऑइल स्वस्त मिळते, ते चालेल का?

उत्तर : एकदाच बदलायचे असेल, तर आत्ता बदला. बरेच जण नेमके उलट करतात. जुन्या ऑइलवर गाडी हिवाळाभर उभी करतात आणि वसंतात नवे ऑइल भरून समाधान मानतात, पण ज्या काळात नव्या ऑइलची खरी गरज असते तो काळ तोवर निघून गेलेला असतो.

दीड हजार मैलांचे ऑइल डोळ्यांना स्वच्छ दिसले, तरी ज्वलनातून आलेले पाणी, न जळलेले पेट्रोल, काजळी आणि गंधक व नायट्रोजनच्या संयुगांपासून बनलेली आम्ले त्यात उतरलेली असतात. ऑइलमध्ये ही आम्ले मारणारी द्रव्ये मुळातच घातलेली असतात, पण ती वापराबरोबर संपत जातात. गाडी रोज चालते तेव्हा ऑइल तापते, फिरते, पाणी उडून जाते आणि कोणत्याही एका भागावर आम्ल फार वेळ बसून राहत नाही. गाडी पाच महिने स्थिर उभी राहिली, की तेच मिश्रण क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवर, कॅमच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर आणि गिअरच्या दातांवर पाच महिने बसून राहते. बेअरिंगच्या मऊ धातूवर त्याने बारीक खड्डे पडतात. हे खड्डे एका हिवाळ्यात जाणवत नाहीत, म्हणूनच लोकांचा यावर विश्वास बसत नाही. ते जाणवतात तेव्हा इंजिन खोलण्यावाचून इलाज राहत नाही.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पेट्रोल भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर शिळे होऊ न देणारे द्रव्य) घालावा, नंतर किमान वीस मैलांची फेरी मारून इंजिन पूर्ण तापवावे आणि घरी येताच, ऑइल गरम व पातळ असतानाच, ते काढावे. गरम ऑइलबरोबर तळाला बसलेली घाणही वाहून येते. फिल्टर त्याच वेळी बदलावा, कारण जुन्या फिल्टरमध्ये काही प्रमाणात जुने ऑइल अडकून राहते आणि ते नव्यात मिसळते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालावा. नवे ऑइल भरल्यावर गाडी गॅरेजाबाहेर घेऊन इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे नवे ऑइल वरच्या कॅमपर्यंत पोहोचते. इथे आपण विचाराल, की थोडा वेळ इंजिन चालवू नये असे वर सांगितले, मग हे कसे चालते? फरक असा, की या वेळी इंजिन आधीच तापलेले असते, त्यामुळे पाणी जमत नाही. वसंतात हे ऑइल पुन्हा बदलण्याची गरज नाही. बंद इंजिनात पाच महिने पडून राहिलेले नवे ऑइल खराब होत नाही, तेव्हा आपला दुसरा खर्च वाचला.

मोटारीच्या ऑइलबद्दल मात्र सावध राहा. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये चालतात. मोटारीच्या पातळ ऑइलांत इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात आणि ती ओल्या क्लचला मानवत नाहीत. क्लचच्या प्लेटा घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘जासो एमए२’ असा शिक्का (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलाचे जपानी मानक) असलेले, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घ्या. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये. अमेरिकेत सुट्या भागांची बरीच मोठी दुकाने ते परत घेतात.

प्रश्न (श्टुटगार्ट, जर्मनी) : माझी मोटारसायकल नव्वदच्या दशकातली, चार कार्ब्युरेटरांची आहे. तिला हंगामी नंबरप्लेट घेतली आहे, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च ती रस्त्यावर आणता येत नाही. टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी, यावर इथल्या मित्रांत रोज वाद होतो.

उत्तर : टाकी भरावी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत. आपल्या मित्रांपैकी दोन्ही पक्षांचे त्यामुळे अर्धे-अर्धे समाधान होईल.

टाकी लोखंडी पत्र्याची असते. ती अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या अर्ध्या भागात हवा राहते, आणि तापमान वर-खाली झाले की त्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमून आतून गंज चढतो. हा गंज पुढे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. म्हणून टाकी गळ्याच्या थोडी खालपर्यंत भरावी. पेट्रोल प्रसरण पावते, तेवढी जागा मोकळी सोडावी. जर्मनीत पंपावर ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आणि ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत) असे दोन्ही प्रकार मिळतात, तर साठवणीसाठी ई-५ निवडावे. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि काही प्रमाणापर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवते. थंडी वाढली की ही क्षमता कमी होते. मग पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे पडतात आणि जड असल्याने टाकीच्या तळाला जाऊन बसतात. इंजिनाकडे जाणारे पेट्रोल याच तळातून घेतले जाते. इथेनॉल जितके कमी, तितका हा धोका कमी. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्येच घालावा. शिळे झालेले पेट्रोल त्याने पुन्हा ताजे होत नाही.

कार्ब्युरेटरचे गणित वेगळे आहे. त्याच्या फ्लोटच्या वाटीत पेट्रोल अगदी थोडे असते. हिवाळ्यात त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा आधी चिकट डिंक आणि मग वार्निशसारखा कडक थर बनतो. मंद गतीच्या जेटचे, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक नळीचे, छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, ते बुजायला हा थर पुरेसा होतो. चार कार्ब्युरेटर म्हणजे असे चार जेट, आणि त्यातला एक जरी बंद झाला तरी वसंतात इंजिन तीन सिलिंडरवर अडखळत चालते. तेव्हा प्रत्येक वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल लहान भांड्यात काढून घ्यावे. इंजिन चालवून पेट्रोल संपवणे पुरेसे नाही, कारण इंजिन बंद पडते तेव्हाही वाटीच्या तळाशी थोडे शिल्लक असते.

त्या काळातल्या अनेक जपानी गाड्यांच्या पेट्रोल कॉकला ‘बंद’ अशी जागाच नसते. इंजिनाच्या ओढीवर चालणारा तो कॉक इंजिन थांबले की आपोआप बंद होतो. त्यावर ‘प्राइम’ अशी एक खूण असते. कॉक तिथे राहिला, तर पेट्रोल सतत खाली येत राहते आणि फ्लोटची सुई जरा जरी गळकी असली, तरी ते सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. वसंतात ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर हे घडले असे समजावे आणि इंजिन सुरू न करता आधी ऑइल बदलावे.

हंगामी प्लेटमुळे एक गोष्ट ध्यानात ठेवा. स्टॅबिलायझर घातल्यावरची शेवटची फेरी प्लेटवरच्या मुदतीच्या आत व्हायला हवी. मुदत ऑक्टोबरअखेर संपत असेल, तर १ नोव्हेंबरपासून गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाहीच, उभीही करता येत नाही.

इंजेक्शन असलेल्या गाड्यांच्या मालकांनी यातला कार्ब्युरेटरचा भाग सोडून द्यावा आणि टाकी मात्र कधीही रिकामी करू नये, कारण बहुतेक गाड्यांत पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो कोरडा ठेवणे त्याला बाधते.

प्रश्न (बफेलो, अमेरिका) : स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल टाकावे, असे पुस्तिकेत लिहिले आहे. हे खरोखर आवश्यक आहे का? माझ्या गाडीत प्लगपर्यंत पोहोचायला टाकी आणि एअर फिल्टरचा डबा दोन्ही काढावे लागतात.

उत्तर : हे काम कशासाठी सांगितले आहे ते आधी पाहू. इंजिन थांबते तेव्हा एखाद-दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहतोच आणि तिथून बाहेरची हवा आत येते. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत कडक थंडीचे आठ-दहा दिवस गेले, की मध्येच एखादा उबदार, दमट दिवस येतो. इंजिनाचा एवढा मोठा धातूचा गोळा लगेच तापत नाही. तो थंडच राहतो आणि दमट हवा त्याला लागली, की थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात तसे सिलिंडरच्या आत जमतात. सिलिंडरची भिंत लोखंडी असेल तर तिच्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि पिस्टनच्या रिंगा वसंतात त्यांवरून घासत जातात.

माझे मत असे आहे, की सिलिंडरला निकेलचा कठीण लेप असलेली अलीकडची गाडी, कोरडे गॅरेज आणि चार-पाच महिन्यांची मुदत, एवढे जमून आले तर हे काम टाळले तरी चालेल. त्याऐवजी एअर फिल्टरचे तोंड आणि सायलेन्सरचे तोंड नीट बंद करावे. लोखंडी सिलिंडरची जुनी गाडी, ओलसर तळघर किंवा शेड, किंवा सहा महिन्यांहून अधिक मुक्काम यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर मात्र कंटाळा करू नये.

करायचे झाल्यास इंजिन पूर्ण थंड असताना करावे, कारण तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. प्लग सैल करण्याआधी त्याच्या खोबणीतली माती हवेच्या फवाऱ्याने उडवून टाकावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर स्वच्छ इंजिन ऑइल पुरते. त्याहून फार जास्त ऑइल घातले तर ते पिस्टनवर साचते, आणि द्रव दाबला जात नसल्याने इंजिन फिरवताना कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्यानंतर स्टार्टर वापरू नये. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागचे चाक हाताने फिरवावे, म्हणजे पिस्टन वर-खाली होऊन ऑइल भिंतींवर पसरते आणि प्लगशिवाय ठिणगी पडण्याचा प्रश्नच येत नाही. प्लग परत लावताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत. एकच सिलिंडर असेल, तर शेवटी चाक हळू फिरवून पिस्टन दाबाच्या फेरीत वर येईल अशा जागी थांबवावे. तिथे दोन्ही व्हॉल्व बंद असतात, हवेचा रस्ता बंद होतो आणि व्हॉल्वच्या स्प्रिंगांवरही ताण राहत नाही.

सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेले फडके वसंतात काढायला लोक विसरतात. त्याला लांब लाल फीत बांधून तिचे दुसरे टोक हँडलला बांधून ठेवा. उंदरांना एअर फिल्टरचा डबा घरट्यासाठी फार आवडतो, म्हणून ती वाटही बंद झालेली हवी.

प्रश्न (कॅल्गरी, कॅनडा) : आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत चिनूक वारे येतात आणि काही तासांत तापमान वीस अंशांनी चढते. असे दोन-तीन दिवस मिळाले तर गाडी काढून फिरवून आणावी का? तेवढेच इंजिन मोकळे होईल.

उत्तर : उभे राहून इंजिन आखडत नाही, त्यामुळे ते मोकळे करण्यासाठी काही करण्याची गरज नाही. आनंदासाठी फिरायचे असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, आणि त्यात काही गैर नाही. मात्र मग ती फेरी पूर्ण करावी. तीस-चाळीस किलोमीटर, निदान अर्धा तास, नेहमीच्या वेगाने गाडी चालवावी, म्हणजे ऑइल तापेल आणि जमलेला ओलावा निघून जाईल. परत आल्यावर इंजिनाच्या पंखांवर आणि सायलेन्सरवर उडालेले मीठ कोमट पाण्याने धुऊन कोरडे करावे, कारण ओल्या मिठाने ॲल्युमिनियम फार लवकर पांढरे पडून कुजते. सायलेन्सर थंड झाल्यावर त्याचे तोंड पुन्हा बंद करावे. सिलिंडरमध्ये ऑइल घातले असेल तर ते पहिल्याच फेरीत जळून जाते, तेही पुन्हा घालावे लागेल. एवढे सगळे करायची तयारी नसेल तर गाडी तशीच राहू द्यावी. रस्त्यावर पसरलेली बारीक खडी आणि हिवाळ्यापुरता थांबवलेला विमा यांचाही विचार निघण्याआधी करावा.

प्रश्न (लेह, लडाख) : मी मूळचा सातारचा, नोकरीनिमित्त लेहला आहे. माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० नोव्हेंबरपासून बंद राहील. उन्हाळ्यात प्रवासात कूलंट कमी झाले होते, तेव्हा दोनदा साधे पाणी भरले आहे. काही धोका आहे का?

उत्तर : धोका आहे, आणि आपल्या बाबतीत इतर कामांआधी हे काम करावे. आधीच्या ४११ सीसीच्या हिमालयनचे इंजिन हवेने आणि ऑइलने थंड होत असे, तिला रेडिएटर नव्हता. ४५० मध्ये रेडिएटर आहे आणि इंजिनाभोवती पाण्याच्या वाटा आहेत. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे असले तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. त्यात पाणी मिसळत जाऊन ग्लायकॉल पाव हिस्सा उरले, तर ते उणे १२ अंशांच्या आसपास गोठू लागते, आणि लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. त्या दाबाने रेडिएटरच्या नळ्या, पंपाचे घर किंवा प्रत्यक्ष सिलिंडरचे आवरण तडकते, आणि आवरण तडकले तर दुरुस्ती होत नाही.

वरून थोडे कूलंट ओतून भागणार नाही. इंजिन थंड असताना सगळे जुने कूलंट काढावे, बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्याने एकदा आतून धुवावे आणि योग्य मिश्रण भरावे. त्यानंतर इंजिन थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) उघडेपर्यंत चालवावे, नाहीतर आतल्या वाटांत राहिलेले धुण्याचे पाणी नव्या मिश्रणात मिसळत नाही आणि तिथेच गोठते. बाजूच्या लहान बाटलीतले कूलंटही बदलावे. जुने कूलंट गोडसर असते आणि विषारी असते. लेहमध्ये रस्त्यावर कुत्री पुष्कळ आहेत, तेव्हा ते उघड्यावर ओतू नये.

हवा कोरडी असल्याने आपल्याकडे गंजाची भीती मिसिसागा किंवा बफेलोपेक्षा कमी आहे. बॅटरी मात्र काढून राहत्या खोलीत न्यावी. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर लेहची थंडी तिला गोठवू शकत नाही, परंतु उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठून फुटते. काढताना आधी ऋण तार सोडावी. आणि वसंतात इंजिन लवकर तापावे म्हणून त्यावर गरम पाणी ओतू नये. थंड धातूला त्याने तडा जाऊ शकतो.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे हिवाळ्याचा प्रश्न नाही, पण जून ते सप्टेंबर मी माझी यामाहा आरएक्स १०० बाहेर काढत नाही. हेच नियम लागू होतील का?

उत्तर : बरेचसे होतील, काही ठिकाणी अधिक कडकपणे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये बुडालेला नसतो. पेट्रोलच्या मिश्रणाबरोबर येईल तेवढ्याच ऑइलवर त्याच्या बेअरिंगा चालतात. पावसाळ्यातल्या कोकणाच्या दमट हवेत तो पातळ थर गेला, की बेअरिंगांच्या गोळ्यांवर गंज धरतो. म्हणून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करण्याआधी, इंजिन मंद गतीवर असताना, कार्ब्युरेटरच्या तोंडातून साठवणीच्या ऑइलचा फवारा मारावा आणि पांढरा धूर येऊन इंजिन बंद पडेपर्यंत तो चालू ठेवावा. त्याने ऑइल थेट क्रँककेसमध्ये जाते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि १९९६ साली उत्पादन थांबलेल्या या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत, तेव्हा वाटीत ते पेट्रोल चार महिने ठेवू नये. उत्तरेकडच्या वाचकांना नसलेली एक सोय मात्र आपल्याला आहे. श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली, तर गाडी काढून अर्धा तास नीट चालवणे हे कोणत्याही साठवणीपेक्षा तिच्यासाठी चांगले आहे.

प्रश्न (ओटावा, कॅनडा) : गेल्या एप्रिलमध्ये गाडी सुरू केली तेव्हा वरच्या बाजूने खडखड आवाज आला आणि पांढरा धूर निघाला. पाच-सात मिनिटांत दोन्ही थांबले. या वर्षी काय करावे?

उत्तर : पाच महिन्यांत वरच्या कॅम आणि व्हॉल्ववरचे ऑइल खाली उतरलेले असते. पंपाने ते पुन्हा वर पोहोचवेपर्यंत असा आवाज येतो. तो काही सेकंदांत थांबायला हवा. पाच मिनिटे टिकणे मला बरे वाटत नाही, म्हणून या वर्षी सुरू करण्याआधी ऑइलची पातळी, त्याचा रंग आणि वास आवर्जून पाहा, आणि व्हॉल्वची फट मिस्त्रीकडून मोजून घ्या. पांढरा धूर बहुधा सायलेन्सरमधल्या पाण्याचा होता. त्याला गोडसर वास असेल, तो इंजिन तापल्यावरही निघत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेडच्या गॅस्केटची तपासणी करावी लागेल.

सुरुवात घाईने करू नये. सायलेन्सरचे फडके काढावे, एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराचे घरटे नाही ना, ते पाहावे. वरच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागे-पुढे हलवावी, म्हणजे चिकटलेल्या क्लच प्लेटा सुटतात. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद, मध्ये विश्रांती देत, दोन-तीनदा फिरवावा. ऑइल वर चढते आणि इंजिन मात्र पेट घेत नाही. बहुतेक गाड्यांत या वेळातच ऑइलचा दिवा विझतो. फ्यूज परत बसवून गाडी गॅरेजाबाहेर आणावी, मग इंजिन सुरू करावे आणि थ्रॉटलला हात न लावता ते अर्धा-एक मिनिट आपल्या गतीवर चालू द्यावे. दिवा पुन्हा लागला आणि काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करावे. सगळे ठीक असेल तर तिथेच तापवत न बसता रस्त्यावर निघावे, पहिले दहा किलोमीटर निम्म्या आवर्तनांच्या आत चालवावे आणि टाकीत जागा झाली की ताजे पेट्रोल भरावे. परत आल्यावर ऑइलच्या काचेतून पुन्हा पाहावे. थोडासा दुधाळपणा असेल तर पुढच्या दोन-तीन लांब फेऱ्यांत तो जातो. तो गेला नाही, तर ऑइल बदलून कारण शोधावे.